ग्वांगझोऊचे शीग्वान : दुरुस्त केलेली जुनी बाजारवस्ती कशी पाहावी?

उंबरठा

दक्षिण चीनमधील ग्वांगझोऊ शहरात आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक कँटन फेअरसाठी जातात (कँटन हे याच शहराचे जुने इंग्रजी नाव). १९५७ पासून भरत आलेले हे व्यापारी प्रदर्शन आता पाझोऊ येथील अवाढव्य दालनांत भरते. त्या दालनांतून आणि घाऊक बाजारांतून पाय दुखेपर्यंत हिंडून माणसे परत येतात, आणि ज्या वस्तीमुळे हे शहर मुळात व्यापाराचे झाले ती वस्ती पाहायची राहून जाते. जुन्या तटबंदीच्या पश्चिम वेशीबाहेर वसलेल्या या भागाला शीग्वान म्हणतात आणि तो आजच्या लीवान जिल्ह्यात येतो. गेल्या काही वर्षांत तेथील एन्निंग रस्ता आणि त्याला लागून असलेल्या योंगछिंग फांग या गल्ल्यांची दुरुस्ती झाली असून तेथे पर्यटकांची मोठी गर्दी होते. आमच्या घरच्यांचे प्रदर्शनाचे काम चालू असताना मला या भागात सावकाश फिरता आले. तेथे काय पाहावे आणि कोणत्या नजरेने पाहावे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य देशांच्या सागरी व्यापाराला चीनच्या तत्कालीन छिंग राजघराण्याच्या दरबाराने ग्वांगझोऊ हे एकच बंदर खुले ठेवले होते. परदेशी व्यापाऱ्यांच्या ‘तेरा वखारी’ शीग्वानच्या दक्षिण टोकाला, नदीकाठी होत्या. त्या व्यापारावर जगणारे विणकर, भरतकाम करणारे, चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करणारे, हस्तिदंत कोरणारे, दलाल आणि सावकार या भागात आणि नदीपलीकडे राहत. १८५६ च्या आगीत वखारी जळाल्या आणि परदेशी वसाहत पुढे शेजारच्या शाम्यान बेटावर गेली, परंतु शीग्वानमधील कारागिरी आणि पेढ्या टिकल्या. म्हणून या वस्तीकडे जुन्या सुंदर घरांची रांग म्हणून न पाहता, परदेशी गिऱ्हाइकासाठी माल घडवणारी वस्ती म्हणून पाहिले, तर तिथल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

घरांची दारे हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. शीग्वानच्या जुन्या घराला एकामागे एक अशी तीन दारे असतात. रस्त्याच्या बाजूला माणसाच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंतचे झडपांचे दार असते, त्यामागे आडव्या गोल लाकडी दांड्यांचे, बाजूला सरकणारे ‘थांगलोंग’ असते आणि सर्वांत आत जाड लाकडाचे भक्कम दार असते. दिवसा आतले दार उघडे ठेवून थांगलोंग लावून घेतले की घरात वारा खेळतो, रस्त्यावरच्या माणसाला आत शिरता येत नाही आणि पुढच्या अर्ध्या दारामुळे आतली माणसे दिसतही नाहीत. दमट उष्म्याच्या आणि दाट वस्तीच्या गावात याहून शहाणपणाची रचना मला सुचत नाही. थांगलोंगच्या दांड्या नेहमी विषम संख्येत असतात, त्या मोजून पाहाव्यात. भिंती करड्या, गुळगुळीत विटांच्या, जोते ग्रॅनाइटचे आणि काही घरांना रंगीत काचांच्या ‘मांचू’ खिडक्या असतात. ही काच पूर्वी युरोपातून येत असे, म्हणजे जो व्यापार मालकाला श्रीमंत करत होता तोच त्याच्या दिवाणखान्यात रंगीत उजेडही आणत होता.

एन्निंग रस्ता मात्र तुलनेने नवा, १९३१ चा आहे. १९१८ नंतर शहराचा तट पाडून रुंद रस्ते काढले गेले, तेव्हा ‘छीलोऊ’ पद्धतीच्या इमारतींचा मोठा प्रसार झाला. या इमारतींत वरचे मजले पदपथावर पुढे आलेले असतात आणि खांबांच्या रांगेखालून ऊन-पाऊस न लागता सगळा बाजार फिरता येतो. खाली दुकान आणि वर कुटुंब, असा तो संसार असे. एन्निंग रस्त्यापासून शांगश्याच्यू या जुन्या बाजाररस्त्यापर्यंत या ओवऱ्यांखालून चालत जाणे, हाच शीग्वान पाहण्याचा खरा आरंभ आहे असे मला वाटते.

आता दुरुस्तीविषयी. योंगछिंग फांगचा पहिला टप्पा २०१६ मध्ये खुला झाला. विटांच्या बाह्य भिंती आणि गल्ल्यांची आखणी राखून आतून घरे नव्याने बांधली गेली, काही ठिकाणी काच आणि काळे पोलाद सरळ दिसेल असे ठेवले गेले. तेथे कॉफीची दुकाने, कार्यालये आणि भेटवस्तूंची दालने आली. २०२० मध्ये पुढच्या टप्प्यात पारंपरिक कलांसाठी स्वतंत्र विभाग झाला, ज्यात भरतकाम, रंगीत चिनी माती, मिनाकारी आणि कोरीव काम करणाऱ्या कारागिरांची दालने आहेत. माझे मत असे की पहिला टप्पा छायाचित्रासाठी चांगला आहे, पण पाहण्यासारखे खरे काम एन्निंग रस्त्यावरच्या तांब्याच्या दुकानांत आहे. तेथील कारागीर दुरुस्तीच्या आधीपासून तेथे आहेत, ओवरीत बसून किटल्या आणि पातेली ठोकतात आणि ती भांडी रोजच्या वापराची असतात. मी तेथे बराच वेळ उभी होते आणि कोणी घेण्याचा आग्रह केला नाही.

चाळकरी

सविस्तर लेखनाबद्दल आभार. वास्तूंविषयी आपण लिहिले आहे ते पटले, परंतु माझा प्रश्न माणसांविषयी आहे. २०१६ च्या आधी त्या गल्ल्यांत जी कुटुंबे राहत होती त्यांचे काय झाले? बाहेरची वीट राखून आत कॉफीचे दुकान काढणे याला वारसा जपणे म्हणावे का, याविषयी मला गंभीर शंका आहे. बाजारवस्ती ही तिच्यात राहणाऱ्यांमुळे बाजारवस्ती असते.

उंबरठा

चाळकरी, आपला प्रश्न रास्त आहे आणि तेथील रहिवाशांनी तो आपल्या आधी, फार मोठ्या आवाजात विचारलेला आहे. २००७ च्या सुमारास एन्निंग रस्त्यामागची वस्ती पाडून तेथे नवे बांधकाम करण्याचा बेत होता. मोडकळीस आलेल्या घरांचा पुनर्विकास असे त्याचे स्वरूप होते, आणि बरीच घरे रिकामी होऊन पाडलीही गेली. रहिवाशांनी निवेदने दिली, वर्तमानपत्रांनी विषय उचलून धरला आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी एक अभ्यासगट स्थापून घरोघर जाऊन नोंदी केल्या. त्या दबावामुळे सरसकट पाडापाडीचा बेत मागे पडला, पण रिकामी घरे कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. त्यानंतर ‘सूक्ष्म नूतनीकरण’ हे धोरण आले : जिल्हा प्रशासनाने व्हान्के या बांधकाम कंपनीला दुरुस्ती करून ठरावीक मुदत जागा चालवण्याचा आणि नंतर ती परत देण्याचा करार केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये शी जिनपिंग यांनी योंगछिंग फांगला भेट दिल्यावर हे प्रारूप देशभर गाजले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने शहरांच्या नूतनीकरणात मोठ्या प्रमाणावर पाडापाडी करू नये, एखाद्या नूतनीकरण क्षेत्रातील जुन्या बांधकामाच्या २० टक्क्यांहून अधिक पाडू नये, अशी सूचना काढली.

म्हणजे ज्यांनी विरोध केला त्यांच्यामुळे गल्ल्या उभ्या राहिल्या, पण त्यांपैकी अनेकांना त्या गल्ल्यांत परतता आले नाही. मला हे दुःखद वाटते आणि वस्तीचे कौतुक करताना ते सांगितलेच पाहिजे. काही कुटुंबे मात्र हलली नाहीत. दोन दालनांच्या मध्येच एखाद्या घराचे थांगलोंग लावलेले असते, दांडीवर कपडे वाळत असतात आणि आत दूरदर्शनसंच चालू असतो. पर्यटक तेथेही कॅमेरा रोखतात. कृपा करून आपण तसे करू नये.

माझी सूचना अशी की योंगछिंग फांगमध्ये जेवढा वेळ घालवाल तेवढाच वेळ आसपासच्या दुरुस्त न झालेल्या गल्ल्यांना द्यावा. तेथे न्हावी आहेत, चप्पल शिवणारे आहेत, दारात भाजी निवडत बसलेल्या आज्या आहेत. दोन्ही भाग जवळजवळ पाहिले म्हणजे नूतनीकरणाने काय वाचवले आणि काय गमावले ते समजते.

नऊवारी

पारंपरिक कलांच्या विभागाचा उल्लेख वाचून राहवले नाही, कारण भरतकाम हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. ग्वांगझोऊचे भरतकाम आणि आपल्या मुंबईचा फार जवळचा संबंध आहे. पारशी स्त्रियांच्या गारा साड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना पक्षी, शेवंती, पदक, छत्र्या आणि पुलांवरची माणसे ही नक्षी आठवेल. चीनच्या व्यापारात असलेले पारशी व्यापारी आपल्या घरच्यांसाठी ग्वांगझोऊहून भरलेले रेशीम आणत, आणि त्यातून गाऱ्याची परंपरा उभी राहिली. म्हणून तेथील भरतकामाच्या दालनात उभे राहणे हे मुंबईच्या माणसाला एका अर्थी आपल्याच घरातले कपाट उघडण्यासारखे आहे.

पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे ग्वांगझोऊमध्ये निर्यातीसाठी भरतकाम करणारे कारागीर मुख्यतः पुरुष होते. भरतकाम म्हणजे घरातल्या बायकांचे काम, हा आपला समज येथे लागू पडत नाही, कारण हा संघटित व्यवसाय होता आणि त्याला व्यापारी मागणी होती. दुसरी गोष्ट धाग्याची. जुन्या कामात मोराच्या पिसांपासून वळलेला दोरा पक्ष्यांसाठी आणि घोड्याच्या शेपटीचे केस बाह्यरेषांसाठी वापरल्याची वर्णने आहेत. आजच्या कामात मुख्यतः रेशीम आणि सोनेरी तार दिसते. टाक्यांची दिशा बदलून एकाच रंगाला निरनिराळी चकाकी आणण्याचे कौशल्य आजही तेच आहे, आणि ते छायाचित्रात उतरत नाही. बाजूने, तिरक्या उजेडात पाहावे. ग्वांगदोंग प्रांताचे हे भरतकाम चीनच्या चार प्रसिद्ध शैलींत गणले जाते.

उंबरठा, तेथे चिनी मातीचे रंगकाम प्रत्यक्ष चालू असलेले पाहायला मिळाले का?

उंबरठा

होय, नऊवारी. तयार पांढऱ्या भांड्यावर बारीक कुंचल्याने रंग भरून ते कमी आचेच्या भट्टीत पुन्हा भाजतात. पूर्वी पांढरी भांडी चिंगडझन या भट्ट्यांच्या गावाहून येत आणि येथे केवळ रंगकाम होई, कारण गिऱ्हाईक येथे असे. त्याला हवी ती घराण्याची मुद्रा किंवा जहाजाचे चित्र येथेच काढून देता येत असे. हस्तिदंताच्या दालनात मात्र स्थिती बदललेली आहे. २०१७ च्या अखेरीस चीनने हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद केल्यापासून कारागिरांना हाड आणि इतर पर्यायी पदार्थांकडे वळावे लागले. एकात एक फिरणारे पोकळ गोल कोरण्याची त्यांची विद्या टिकावी आणि हत्तीही टिकावेत, असे मनापासून वाटते.

गलबतवाला

नऊवारी यांनी विषय काढलाच आहे तर त्या व्यापाराची दुसरी बाजूही मांडतो. मुंबईहून ग्वांगझोऊला जाणाऱ्या जहाजांत आधी मुख्यतः कापूस असे, पुढे माळव्याची अफू त्यात फार मोठ्या प्रमाणावर आली. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते सर जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) तरुणपणी स्वतः चीनच्या सफरींवर गेले होते, आणि १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले असता त्याच जहाजावरचे वैद्य विल्यम जार्डिन यांच्याशी त्यांची ओळख झाली. पुढे जार्डिन यांच्या पेढीशी त्यांचा व्यापार वाढला आणि त्यातला मोठा भाग अफूचा होता. १८३९ मध्ये छिंग दरबाराचे आयुक्त लिन झशू यांनी ग्वांगझोऊच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० हून अधिक पेट्या अफू जप्त करून हुमेन येथे नष्ट केली, तेव्हा त्या नुकसानीत मुंबईचे व्यापारीही होते. मुंबईच्या दानधर्माच्या कित्येक इमारतींत या पैशाचा अंश आहे. तो इतिहास ग्वांगझोऊला विसरता आलेला नाही, आणि आपणही तेथे जाताना तो ठाऊक असलेला बरा.

तेरा वखारींच्या जागी आज जुन्या वास्तू उरलेल्या नाहीत. तेथे सांस्कृतिक उद्यान आहे आणि कपड्यांचा घाऊक बाजार आहे. परंतु नदीच्या खालच्या अंगाला, पूर्वी परदेशी जहाजे जेथे नांगर टाकत त्या भागातील छांगझोऊ बेटावर पारशी व्यापाऱ्यांचे जुने दफनस्थान आहे. ज्यांना मुंबईच्या इतिहासात रस आहे त्यांनी शीग्वानच्या जोडीला त्याची चौकशी अवश्य करावी.

रंगपट

एन्निंग रस्त्याविषयी एवढे लिहून झाले आणि कँटोनी संगीत नाटकाचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहितो. हा रस्ता त्या रंगभूमीचा रस्ता आहे. बाहे ही नटांची संघटना येथे आहे. तिच्या स्थापनेमागे एक मोठी कथा आहे : १८५४ मध्ये ली वनमाओ या नटाने छिंग सत्तेविरुद्ध बंड केले, रंगभूमीवरच्या पोशाखांत त्याची माणसे लढली, आणि त्याचा सूड म्हणून सरकारने नटांची शेजारच्या फोशान शहरातील जुनी संस्था उद्ध्वस्त करून नाटकावर बंदी घातली. बंदी सैल झाल्यावर १८८९ मध्ये नटांनी ग्वांगझोऊमध्ये बाहे उभारले. ती मूळ वास्तू ह्वांगशा भागात होती आणि जपानी बॉम्बहल्ल्यात गेली, त्यानंतर संघटना एन्निंग रस्त्यावर आली. म्हाताऱ्या नटांना आसरा देणे, आजारपणात मदत करणे, भांडणे मिटवणे ही कामे अशा संस्था करत. आपल्या नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांविषयी ज्यांनी वाचले आहे त्यांना ती ओळखीची वाटतील. ग्वांगदोंगच्या मंडळ्या मात्र बैलगाड्यांऐवजी लाल रंगाच्या होड्यांतून, पर्ल नदीच्या फाट्यांवरून गावोगाव जात आणि होडीतच राहत.

योंगछिंग फांगमध्ये ब्रूस ली यांचे घर म्हणून जी वास्तू दाखवतात ते त्यांचे वडील ली होइछ्युएन यांचे घर आहे. ते या रंगभूमीवरचे नामांकित विनोदी नट होते. ब्रूस ली यांचा जन्म १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला आणि ते हाँगकाँगमध्ये वाढले. घराबाहेर पुत्राच्या नावासाठी रांग लागते, पण मला तेथे वडिलांचे नाव महत्त्वाचे वाटते, कारण त्यांच्यामुळे ते घर या रस्त्यावर आहे. जवळच २०१६ मध्ये सुरू झालेले कँटोनी नाट्यकलेचे संग्रहालय आहे. ते नवे बांधकाम आहे, पण लिंगनान म्हणजे दक्षिण चिनी पद्धतीची बाग, तळे आणि पाण्याकाठचा रंगमंच अशी त्याची रचना आहे. युनेस्कोने २००९ मध्ये या नाट्यप्रकाराला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. तरीही संग्रहालयापेक्षा लीझीवान ओढ्याकाठी दुपारी जमणारी हौशी गायक मंडळी मला अधिक मोलाची वाटतात. निवृत्त माणसे आपापली वाद्ये घेऊन येतात, आळीपाळीने गातात आणि ऐकणारे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून ताल धरतात.

उंबरठा

रंगपट, फार सुंदर माहिती दिलीत. त्या ओढ्याविषयी थोडी भर घालते. लीझीवान पूर्वी लिचीच्या झाडांसाठी आणि होड्यांसाठी प्रसिद्ध होता, पण सांडपाण्याने इतका घाण झाला की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा मोठा भाग झाकून वर रस्ता केला गेला. २०१० च्या आशियाई स्पर्धांच्या तयारीत वरचा रस्ता उखडून पाणी पुन्हा मोकळे करण्यात आले. सगळ्या नूतनीकरणात मला हे काम सर्वांत धाडसी वाटले, कारण येथे जुन्या भिंतीला रंग देण्याऐवजी चालू रस्ता काढून ओढ्याला त्याची जागा परत दिली गेली.

वाटाड्या

व्यावहारिक माहिती देतो, कामानिमित्त माझे तेथे वरचेवर जाणे होते. मेट्रोने ह्वांगशा किंवा छांगशोऊ स्थानकावर उतरावे. छांगशोऊ स्थानकाजवळ ह्वालिन मंदिर आहे, ते चुकवू नये. भारतातून समुद्रमार्गे आलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूंनी सहाव्या शतकात येथेच किनाऱ्यावर पाऊल ठेवले अशी परंपरा आहे, आणि मंदिराभोवती आज जेड या हिरव्या दगडाचा बाजार भरतो. ह्वांगशा बाजूला उतरलात तर छिंगफिंग हा वनौषधींचा बाजार लागतो. आर्थिक सुधारणांच्या प्रारंभी, १९७९ मध्ये तो सुरू झाला. सुकवलेली संत्र्याची साल, खजूर, कमळबिया आणि नाना तऱ्हेची मुळे पोत्यांनी मांडलेली असतात, पण वाळवलेले प्राणीही असतात. लहान मुले बरोबर असल्यास किंवा आपणांस तो प्रकार सहन होत नसल्यास आधी विचार करावा.

शाकाहारी मंडळींसाठी काही सूचना. १८८० पासूनचे थाओथाओज्यू आणि १८८९ चे ल्यानश्यांगलोऊ ही या भागातील जुनी चहागृहे आहेत, आणि सकाळच्या चहासोबत लहान वाफवलेले पदार्थ खाणे हा तेथील खरा अनुभव आहे. परंतु मुळ्याच्या वड्यांत सुकी कोळंबी आणि मांसाचे तुकडे असतात, आणि खुसखुशीत भाजलेल्या पदार्थांत पुष्कळदा डुकराची चरबी असते. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या पातळ गुंडाळ्या काहीही न भरता मिळतात, तशाच मागाव्यात. दुधाचा ‘दुहेरी सायीचा’ गोड पदार्थ म्हशीच्या दुधाचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. अंडे चालत नसेल तर आल्याच्या रसाने विरजलेले गरम दूध घ्यावे. त्यात दूध, साखर आणि आले एवढेच असते आणि ते आपल्यासमोर घट्ट होते. लीवानच्या पानथांग भागात पूर्वी कमळकंद आणि शिंगाडे पिकत. तेथील पाणकंदाच्या पिठाची पारदर्शक वडीही बहुधा सर्वांना चालते.

पैसे मोबाईलवरूनच द्यावे लागतात असे समजून जावे. अलीपे या ॲपला परदेशी कार्ड जोडता येते, ते निघण्यापूर्वीच जोडून ठेवावे. ऑक्टोबर २०२५ पासून कोलकात्याहून ग्वांगझोऊला थेट विमानसेवाही पुन्हा सुरू झाली आहे.

चाळकरी

सर्वांचे आभार. एक शेवटचा प्रश्न : फोशानचे लिंगनान थ्यानदी हेही असेच दुरुस्त केलेले ठिकाण आहे असे ऐकतो. वेळ कमी असेल तर कोणते निवडावे?

उंबरठा

चाळकरी, आपल्याला माणसांत रस आहे, म्हणून शीग्वान निवडावे असे मी सांगेन. फोशानला मेट्रोने झूम्याओ स्थानकापर्यंत जाता येते, आणि झूम्याओ हे जुने मंदिर तेथील प्राचीन रंगमंचासाठी आवर्जून पाहण्यासारखे आहे. परंतु शेजारचे लिंगनान थ्यानदी नीटनेटके, महागड्या उपाहारगृहांचे ठिकाण झाले आहे. तेथे घरांची डागडुजी अधिक काळजीने झालेली दिसते, हे मान्य करावे लागेल, पण कोणी राहत असल्याची खूण मला दिसली नाही. एप्रिल ते सप्टेंबर उष्मा, मोठा पाऊस आणि वादळे असतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतचा काळ बरा. प्रदर्शनाच्या दिवसांत हॉटेलांचे दर फार वाढतात, म्हणून ते संपल्यावर जावे. सकाळी छांगशोऊ स्थानकावरून निघून ह्वालिन मंदिर, शांगश्याच्यू आणि चहागृह करावे, ओवऱ्यांखालून एन्निंग रस्त्यावर यावे, आणि लीझीवानचे गाणे दुपारनंतर सुरू होत असल्यामुळे तो भाग शेवटी ठेवावा. शनिवार-रविवारी मात्र योंगछिंग फांगमध्ये चालणेही कठीण होते.